सुहेल, म्हणजे आपला अगस्ती

सूरच्या मासळीबाजारामागे, पार्किंगच्या कोपऱ्यात
मी दुर्बीण मांडते.
ऑगस्ट सरत आलाय. रात्रीचे अकरा, पारा चौतीस,
हवा इतकी ओली की दर दहा मिनिटांनी भिंगावर दव.
गाडीच्या इन्व्हर्टरवर हेअर ड्रायर लावून
मी आकाश वाळवत बसते.

मस्कतच्या तारांगणात बरं असतं.
बटण दाबलं की सूर्य मावळतो.

रीम, वय सात, शनी बघते,
मग उठून नळीच्या पुढच्या तोंडात डोकावते.
“स्टिकर कुठं चिकटवलंय?”
एकशे तीस कोटी किलोमीटरवर, मी म्हणते.
ती भाव पाडून मागावा तशी माझ्याकडे बघते.

शफिकुल गलबतांना फळ्या ठोकतो.
तीनदा बघून चौथ्यांदा रांगेच्या शेपटाला उभा.
“ही कडी बसवली कशानं?
खिळा तर दिसत नाही.”
बसवलेली नाहीच, भाऊ. पडतेय.
सारखी पडतेय आणि सारखी चुकतेय.
तो स्वतःच्या हातांकडे बघतो, काही बोलत नाही.

तीनपर्यंत सगळे पांगले.
उरले फक्त नाखुदा मुबारक बिन खल्फान,
प्लॅस्टिकच्या खुर्चीत, काठीवर हनुवटी.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
ते शनीसाठी आलेच नव्हते.
“सुहेल कधी?”

चार वाजून एकतीस.
सुहेल उगवला की उन्हाळ्याची कंबर मोडते,
इथं सगळ्यांना ठाऊक.
परभणीच्या पाणीपुरवठ्यात माझे वडील तुरटी मोजायचे.
भाद्रपदातल्या एखाद्या पहाटे टाकीवरून उतरून म्हणायचे,
अगस्ती दिसला गं, आता गढूळ बसेल,
उद्यापासून दोन पाट्या कमी.
इंजिनियर साहेब हसायचे. पाट्या मात्र कमी व्हायच्या.
तोच तारा. मी त्याच्यावर प्रबंध लिहिला
आणि त्यात तुरटीचा उल्लेख नाही.

साडेचार.
क्षितिजावर खारट धुक्याची भिंत.
मी दुर्बीण वळवते, आकडे पुन्हा तपासते,
पुन्हा ड्रायर, पुन्हा काही नाही.
नाखुदांनी काठी उचलली,
दक्षिणेच्या जरा अलीकडे रोखली, आणि हललीच नाही.
मी होकायंत्र लावून पाहिलं.
एक अंशाचा फरक.
तो कदाचित माझाच असेल.

“आला?”
आलाय. दिसत नाहीये.
मला वाटलं, ते हिरमुसतील.
ते हसले, दात नसलेलं, मोकळं.
“मग आज आपण दोघंही सारखेच.”

बांगेच्या आधी वाऱ्याची एक झुळूक आली.
गार म्हणावी अशी नव्हती.
पण त्यांनी गळ्याचं बटण लावलं.
मी ड्रायर बंद केला.