अजून खोल काप

सोहारच्या इस्पितळात तळमजल्यापर्यंत समुद्र पोचत नाही.
पोचतात डबे, पांढऱ्या झाकणांचे:
पित्ताशय, गर्भपिशवी, अपेंडिक्स,
कुणा कामगाराचं बोट,
अंगठीचा वळ अजून तसाच.
मी मापं घेते, रेकॉर्डरशी बोलते,
चार बाय तीन बाय दोन, रंग राखाडी, कडेला काळी शाई.
आई फोनवर विचारते, म्हणजे तू पेशंट बघतच नाहीस?
बघते गं.
तुकड्या-तुकड्यानं.

पहिल्या वर्षी सगळंच जांभळं दिसायचं.
आता जांभळ्यातली घराणी कळतात:
कोण गुण्यागोविंदानं रांगेत नांदतंय,
कुणी शेजाऱ्याची भिंत ओलांडलीय.
झुवैना मेणाचा ठोकळा बर्फावरून उचलते,
पात्यावरून फीत सुटते, कोमट पाण्यावर
सायीसारखी पसरते.
श्वास धर, ती म्हणते,
नाहीतर माणूस उडून जाईल.

रात्रपाळीला पोटॅशियम सहा पूर्णांक आठ.
वॉर्डला फोन. लिझी सिस्टर आकडा परत म्हणून दाखवते,
मल्याळी हेलात, जपासारखा.
मग पहाटेपर्यंत
फक्त रक्तपेढीचा फ्रीज गुणगुणत असतो.

मंगळवारी एक डबा आला.
लेबलवरचं नाव तीन ठिकाणी मोडलेलं,
अरबीतून इंग्रजीत, तिथून संगणकात.
तरी मी ते सांधलं: परकार.
बंदरावरचा क्रेनवाला, वय एक्कावन्न, मानेतली गाठ.
दुतोंडी मायक्रोस्कोपच्या पलीकडे डॉक्टर बलूशी
चहा थंड होईस्तोवर बघत राहिले.
तुला काय वाटतं?
मी ते नाव घेतलं.
मलाही तसंच वाटतं, ते म्हणाले,
पण वाटण्यावर सही होत नाही.
अजून खोल काप.

दुपारी रिपोर्टच्या खिडकीपाशी
मानेला पट्टी लावलेला एक माणूस फोनवर:
काय नाय गो, साधी गाठ हाय ती.
पोराची फी भरलीस का?
मला बघून त्यानं फोन छातीशी धरला.
मॅडम, रिपोर्ट?
दो दिन और, मी म्हटलं.
हिंदीतच म्हटलं. मराठीत
त्यानं पुढचं विचारलं असतं.

तो माझा बिल्ला वाचत होता,
ओठ हलवत, एकेक अक्षर.
नेवरेकर.
नेवऱ्याच्या काय तुमी?
आजोबा, मी म्हटलं. मी कधी गेले नाही.
आमचं जयगड, तो म्हणाला,
खाडी ओलांडली की आमचंच.
मग बांगड्याबद्दल बोलला, इथला मोठा असतो
पण चव नाय, मसाला कितीपण घाला.
रिपोर्टबद्दल पुन्हा एक शब्द नाही.
त्यानं विचारायला हवं होतं, असं
मला जिना उतरताना वाटलं,
आणि विचारलं नाही म्हणून बरंही वाटलं,
दोन्ही एकाच पायरीवर.

खाली झुवैनानं पाण्यावर
नव्या सात फिती सोडल्यात.
दार मी हळूच लोटते.
श्वास धरलेलाच आहे.