पाणी न काढता येणारं कार्ड

ऑस्त्राव्हात, विझलेल्या भट्ट्यांच्या पायथ्याशी
दर शनिवारी मी टेबल मांडते.
पिवळे पडलेले माऊस, रिबनी, अर्धा डबा स्क्रू,
आणि बुटांच्या खोक्यात ग्राफिक्स कार्डं,
उभी, दाटीवाटीनं,
कडेवरून नावं वाचायची.

काहीजण आल्या आल्या वूडू मागतात
आणि किंमत ऐकली की त्यांना एकदम बायको आठवते.

रादोवान तसला नव्हता. आठ नंबरची ट्राम चालवतो.
त्यानं खिशातून घडीचा कागद काढला,
मोठ्यानं वाचला:
पेंटियम टू, साडेतीनशे.
विंडोज अठ्ठ्याण्णव.
मॉनिटर काचेचा, पोट सुटलेला, भावजीनं दिलेला.
"आता कार्ड तुम्ही सांगा, द्राहुशेबाई."

मी सांगू लागले, स्थळं सांगावीत तशी.
हे मॅट्रॉक्स. अक्षर मोत्यासारखं,
पण पळायला लावलं की धाप लागते.
हे टीएनटी टू. कष्टाळू, निर्व्यसनी,
पंखा तेवढा घोरतो, तो बदलून देईन.
आणि हे वूडू थ्री.
घराणं बुडालं, तोरा तसाच आहे.
रंग मोजके काढतं, पण धावताना बघा एकदा.

त्यानं तिन्ही हातात घेतली.
कपॅसिटरच्या टोप्यांवरून बोट फिरवलं,
कुठली फुगली आहे का.
सोनेरी दात उजेडात धरले.
त्याला कळतं, हे मला तेव्हाच कळलं,
म्हणून मी वूडूची किंमत शंभरानं उतरवली.
आपणहून. थंडी फार होती.

तो खोक्याच्या तळाशी गेला.
तिथली कार्डं कुणी विकत घेत नाही.
एक मुलगी येते कधीमधी, त्यांची कानातली करते.
तिथून त्यानं एक काढलं,
आखूड, हिरवं, चार मेगाबाइटचं,
नाव घ्यावं असं नाव नसलेलं.

"हे?" मी म्हटलं. "अहो, हे वेग देत नाही, असलेला खातं.
याला पाणीसुद्धा काढता येत नाही.
नदी असो, समुद्र असो,
तिथे नुसता पांढरा कागद."

"हो ना," तो म्हणाला. "आमच्याकडे हेच होतं."

मग उभ्या उभ्या, हातमोजे दातात धरून,
त्यानं मला ते तळं सांगितलं.
तो बारा वर्षांचा, ब्लांका सात.
एकच कीबोर्ड. बाण त्याचे, स्पेसबार तिचा.
खेळातल्या शर्यतीत एक तळं यायचं,
पांढरं, कडेपासून कडेपर्यंत पांढरं,
आणि दोघांनी ठरवून टाकलं की ते गोठलंय.
गाडी त्यावर चढली की दोघं श्वास रोखायची.
बर्फ तडकू नये म्हणून ब्लांका
खुर्चीवर पाय वर घेऊन बसायची.

पुढं कुठंतरी एका चांगल्या यंत्रावर
त्यानं तेच तळं पाहिलं.
निळं. लाटा. वर सूर्याचा तुकडा हलतोय.
गाडी चढली तशी बुडाली.
"इतकी वर्षं आम्ही पाण्यावरून गेलो," तो म्हणाला,
"आणि बुडालो नाही."

रविवारी ब्लांका येणार होती, ब्र्नोहून.
आईचं घर विकल्यापासून
दोघांत धड बोलणं नव्हतं.
त्यानं ते सांगितलं नाही.
ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

मी साठ क्राउन घेतले.
कार्ड चंदेरी पिशवीत घातलं,
वर थोडं जुनं वर्तमानपत्र.
वूडू परत काचेखाली ठेवलं.
खरं सांगायचं तर जरा रागच आला होता,
चांगला माल नाकारला की येतो तसा.

पुढच्या शनिवारी तो आला,
काही घ्यायला नाही, असाच.
मी विचारलं, "तडकला का बर्फ?"

म्हणाला, "तिनं गाडी तळ्याच्या मधोमध थांबवायला लावली.
बाकीच्या गाड्या पुढं गेल्या. शर्यत संपली.
पडद्यावर 'हरलात' लिहून आलं.
आम्ही तिथंच. चहा निवला.
तिचे पाय खुर्चीवर होते."