रेषा आणि तास

रुवीतल्या दुकानात, शटर अर्धं ओढून,
मी बीटामॅक्सचं हेड स्पिरिटने पुसत असे.
चित्र असं, की बातम्या देणाऱ्याच्या बिश्तची
जरीची कड बोटांनी मोजावी.

गिऱ्हाईक विचारी, टेप किती तासांची?
मी रेषा सांगे. ते पुन्हा तास विचारी.
शेजारच्या कुन्हीमोनकडे व्हीएचएस कपाटभर.
"परकारभाई," तो म्हणे, "लग्न तासांचं असतं,
रेषांचं नाही."

मग हर्णैहून थोरलीच्या निकाहची कॅसेट आली.
माझ्या मशीनच्या तोंडात मावेना.
गेलो कुन्हीमोनकडे, चपला बाहेर काढून.

भावाने काटकसर केलेली: स्लो स्पीड,
सहा तास, एकाच टेपवर सगळं.
मांडव, देगा, लाईट गेली ते,
जनरेटर आला ते, खळ्यातून गेलेली म्हैससुद्धा.

थोरली ओढणीआड.
धाकटी मागच्या रांगेत कुठेतरी.
उठून काचेला नाक लावलं:
सात मुली, सात पुसट ठिपके.
तीन वर्षांत तिची उंची किती वाढली
मला ठाऊक नव्हतं.

"यातली कोणती?"
मी मधल्या ठिपक्यावर बोट ठेवलं.
त्याने चित्र थांबवलं, माझ्यासाठी.

थांबल्यावर ते आणखीच थरथरू लागलं.