खिडकी क्रमांक तीन

डिचोलीला उपनिबंधक कचेरीत
मी माणसांची बोटं धरून काचेवर ठेवतो.
दिवसाला साठ-सत्तर.
रेंदेराचं बोट लगेच ओळखू येतं, पेरावर कातीची खाच.
गवंड्याचं सिमेंटने खाल्लेलं.
भाटकारणीचं मऊ, अंगठीपाशी जरा सुजलेलं.
लिस्बनहून घर विकायला आलेल्यांची बोटं
मे महिन्यातही गार लागतात,
की मलाच तसं वाटतं.

मंगळवारी सुकांती माजिक आल्या. टोकन एकोणचाळीस.
मुंडकारी घर, तीनशे चौरस मीटर,
पूर्वेस व्हाळ, दक्षिणेस पायवाट,
बारा वर्षं मामलेदाराकडे भिजत पडलेली फाईल
एकदाची वाळून हाती आलेली.

उजवा अंगठा. लाल दिवा.
डावा. लाल.
"बोट केसांना पुसा बाय, थोडं तेल लागू दे."
पुसलं. लाल.
दहाही झाली.
पडद्यावर अक्षरं आली: व्यक्ती जुळत नाही.
मागे रांगेत कोणीतरी घड्याळ बघत च्च केलं.

"कामाला कुठे होता?"
"काजीच्या कारखान्यात. एकोणतीस वर्सां.
टरफलाचं तेल, पुता.
आधी कातडं जातं, मागीर रेषा जातात,
मागीर चिमटीत मीठ किती आलं
तेही कळत नाही."

आता हे सांगायला हवं.
हे यंत्र बसवण्याआधीची गोष्ट.
ह्याच टेबलावर एक जुनं विक्रीखत आलं होतं,
सन एकावन्नचं, पोर्तुगीज, वळणदार अक्षर.
खाली मार्सालिन लोबोची सही,
जो अठ्ठेचाळीस साली
चर्चमागच्या मातीत गेला होता.
मी कागद नाकाशी नेला.
चहाचा वास. साखर घातलेल्या चहाचा.
साहेब म्हणाले, चढव.
मी चढवला.
त्या भरडावर आता सात बंगले आहेत,
सात निळी तळी,
आणि मानकुराद होता तिथे
गाड्या उभ्या करायची फरशी.

मेलेल्याला सही करताना
कसलीच अडचण आली नव्हती.

कपाटातून डोळ्याचं यंत्र काढलं.
धूळ पुसली, वायर जोडली, वीज गेली, वीज आली.
"ह्यात बघा. पापणी हलवू नका."
"खंयचा डोळा? उजव्यात फूल पडलंय.
डाव्याचं ऑपरेशन झालंय म्हापशाला."
"डावा."

त्या पुढे वाकल्या.
पडद्यावर डोळा उमटला, ताटाएवढा,
तपकिरी, कडेने राखाडी,
आत बारीक बारीक धागे, झाडाच्या मुळांसारखे.
इतक्या जवळून मी
माझ्या आईचाही डोळा पाहिला नव्हता.
पाच सेकंद. सहा.
हिरवा.

रांग पुढे सरकली, पण त्या सरकल्या नाहीत.
"हो डोळा आता खंय रवतलो?"
"सर्व्हरवर. पर्वरीला."
"आनी मी गेल्यावर?"
"राहील तसाच."
"उघडोच?"
काय सांगणार? म्हटलं, हो, उघडाच.
त्यांनी थोडा विचार केला.
"बरें. कोणी चाय वतूंक आयलो
तर दिसतलो मगे."

मी पावती छापली. शाई फिकी आली, पुन्हा छापली.
त्यांना चहाचं कोणी सांगितलं?
मी तर कधीच, कोणालाच.
की गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं
आणि नोंदवायला खिडकी नव्हती.

पावती उलटी धरून त्या जिना उतरल्या,
कठड्याला हात लावत, पायरी मोजत.
टोकन चाळीस आलं. मऊ बोट.
पहिल्या झटक्यात हिरवं.

रात्री पेजेत मीठ घालताना
चिमूट तशीच धरून राहिलो.
बायको म्हणाली, घाल की.
दाणे एकेक टोचत होते.