तीनशे बारा जागी

यमुना बिर्जे बाई सोमवारी शहापुरात आमच्या छापखान्यात येतात,
छत्री दाराशी उभी करतात, म्हणतात, "टाक फॉर सिस्ट."
मागल्या भेटीबद्दल आभार.
नॉर्वेत तसं म्हणतात म्हणे, पुन्हा भेट झाली की.
मागल्या भेटीत भांडण झालेलं असलं तरी.

उद्यमबागच्या फौंड्रीत व्हॉल्व बघायला आलेला कोणी म्हातारा
एक कादंबरी विसरून गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली.
बाई तेव्हा तिथं बिलं लिहायच्या.
आता रविवारी गच्चीवर शिकवणी असते:
दोन नर्सा, एक वेल्डर,
आणि एक रिटायर तलाठी, नुसता ऐकायला.
त्याला एवढंच पटत नाही, की
भाषा एक, लिहायच्या रीती दोन, दोन्ही सरकारी,
"आणि पाट्यांना काळं कोण फासत न्हाई?"
बाई म्हणतात, भांडतात की. कागदावर.

त्या भाषेत एक 'यो' आहे.
वाक्यात कुठंही बसतो, अर्थ विचारला की उठून जातो.
बाई दोन महिने अडल्या.
मग खडेबाजारात कोथिंबीरवाली म्हणाली,
"तुम्हास्नी म्हायत हाय की!"
बाईंनी जुडी तिथंच ठेवली नि घर गाठलं.

भांडण झालं ते 'खरं'वरून.
पुण्याच्या संपादकांचं पत्र: बेळगावी 'खरं' काढा, 'पण' घाला,
वाचक गोंधळतो.
जाणार होतो, खरं बस चुकली,
असंच बोलतात आमच्याकडं सगळी.
मी घरात कन्नड बोलतो, मीसुद्धा.
तरी बटण दाबलं. तीनशे बारा जागी.

बाईंनी पान एकशेचाळीस माझ्यापुढं धरलं.
बर्फात अडकलेल्या घरात आई मुलीला विचारते आहे:
"पण सांग, विसरलीस त्याला?
पण सांग."

मग स्टुलावर बसल्या. लाल पेन.
एकेक जागा मोठ्यानं वाचायच्या,
मी सांगायचं, हे कुठलं खरं.
सहाला लाईट गेली, मेणबत्ती लावली.
काही ठिकाणी त्यांना ठरवता येईना.
मलाही नाही.
तिथं त्यांनी नुसती टिंबं दिली.

जाताना छत्री विसरल्या.
मी आत आणून ठेवली आहे.
सोमवारी मागल्या भेटीबद्दल काय म्हणायचं,
ते अजून जुळवतोय.