ग्राफवरचा वीर

अक्कलकोट रोडला, रंगखात्याच्या मागे
एक वीरगळ उभा आहे, गुडघाभर गाळात.
कधी निळा, कधी राणी रंगाचा,
त्या दिवशी ज्या चादरीची ऑर्डर असेल तसा.

खाली गाई. त्यांच्या वर तो, ढालीसकट आडवा.
त्याच्याही वर दोघीजणी त्याला काखेत धरून नेतायत,
दमलेल्या माणसाला रिक्षात बसवावं तसं.
माथ्यावर चंद्र, सूर्य.
नाव नाही.

गड्डम मास्तर जेवणाच्या सुट्टीत
भाकरी तशीच ठेवून
ग्राफपेपर दगडाला लावायचे,
पेन्सिल आडवी घासायचे.
"चंद्र अकरा घरांत बसतो.
गाईची शिंगं काही बसत नाहीत."
कोण होता हा, मी विचारलं.
तेलुगूत काहीतरी पुटपुटले, मग मराठीत:
"गाई कुणाच्या होत्या, ते विचार."

पत्ते टोचले, जकार्डवर चढवले.
एकच चादर निघाली.
शेठ म्हणाले, मेलेला माणूस अंगावर कोण घेणार?

मी घेतो. थंडीत.
चंद्र हनुवटीशी येतो,
गाई पायांशी, बिनशिंगाच्या.
मधे कुठंतरी तो.
धुऊन धुऊन इतका विरलाय की
अंधारात चाचपताना
त्याचा गुडघा कुठला, माझा कुठला,
कळत नाही.