पकड

ईरीत ऑक्टोबर लागायच्या आत कामं उरकावी लागतात.
तळं म्हणायचं, पण दुसरा काठ दिसत नाही;
त्यावरून गार वारा सुटला की रेझिन रुसतं,
सुकता सुकत नाही.
म्हणून सहालाच पोचले लोरेन शिमान्स्कीच्या गॅरेजवर,
व्हॅनमध्ये ग्राइंडर, बादल्या, खिळ्यांचे जोडे.

"मला तळं हवंय," ती म्हणाली, "जमिनीवर.
नोव्हेंबरातलं. निळं, पण अगदी निळं नको."
गिऱ्हाईक असंच बोलतं. मी वहीत लिहिलं :
चांदी दोन भाग, करडा एक, निळा चिमूटभर.

परवा प्लास्टिकचा चौकोन चिकटवून गेले होते,
खाली दव धरतं का बघायला. नव्हतं धरलं.
फक्त मधोमध
ताटाएवढा काळा डाग.
"वॉल्टरची ब्यूक. एकतीस वर्षं तिथंच टपकायची.
तो म्हणायचा, जिवंत आहे म्हणून गळते."

मी म्हटलं, तेलावर काही धरत नाही. काढावं लागेल.
ती आत गेली, कॉफी ठेवायला.

ग्राइंडर सुरू झाला की मला बाबा ऐकू येतात.
सांगलीत नव्या फ्लॅटांतून मोझॅक घासायचे,
घोट्यापर्यंत राखाडी चिखलात,
मशीन म्हशीसारखं हटवादी, दोन्ही हातांनी वळवायचं.
संध्याकाळी भुवया पांढऱ्या.
लोक चपला काढून त्यांच्या फरशीवर शिरत
आणि ते दाराबाहेर उभे, पाय ओले म्हणून.
माझ्या मशीनला धूळ ओढणारी नळी आहे.
माझा खोकला साधा आहे.

डाग तीनदा धुतला. धग दिली
की खालून पुन्हा काळं वर येई, घाम फुटल्यासारखं.
चौथ्यांदा पुसून वर पाणी शिंपडलं :
थेंब पसरला, मोती झाला नाही.
तेव्हा म्हटलं, चला.

काळा थर आधी. दुसऱ्या दिवशी धातूचा.
अ आणि ब. वेगळ्या डब्यांत वर्षानुवर्षं निवांत;
एकत्र आले की पंचवीस मिनिटं,
मग बादली हातात धरवत नाही
आणि आत दगड.
म्हणून ओतताना मी फोन घेत नाही,
कुणी हाक मारली तरी ओ देत नाही.

पट्ट्या ओतल्या. खिळ्यांवर उभी राहून
त्यांच्यातूनच चालले,
पाऊल उमटायच्या आत बुजत होतं.
स्पिरिटचा फवारा मारला
तशी चांदी दचकून बाजूला सरली,
निळ्याला डोळे फुटले.
यातलं मी केलं ते अर्धंच. उरलेलं
ते स्वतः हिंडून ठरवतं,
आणि थांबतं.

रात्री लोरेन उंबऱ्याशी, अंगावर नवऱ्याचा कोट.
आत पाऊल टाकायचं नाही, बजावलं होतं.
"किती खोल आहे?"
"दोन नाण्यांएवढं."
"वाटत नाही," ती म्हणाली.

फेब्रुवारीत तिचा फोन. मधोमध फुगवटा आलाय,
वाटाण्याएवढा.
या थंडीत दुरुस्ती होत नाही. तरी गेले.
तिनं वर खुर्ची ठेवली होती,
चारही पाय त्याच्या भोवती, जपून.
गुडघ्यावर बसले. टिचकी मारली. पोकळ.
बाबा बोटाच्या गाठीनं ठोकून सांगायचे
लादी कुठून कुठपर्यंत सुटलीय.
मी ठोकत गेले, बाहेर बाहेर, आवाज भरीव होईपर्यंत.
ताटाएवढं.

"बर्फ वितळला की येते. कापून काढीन, नवं भरीन,
पैसे नकोत. तसंच ठेवलं तर वाढेल."
तिनं खुर्ची उचलून पुन्हा जागच्या जागी ठेवली.
"बस ना," म्हणाली, "कॉफी झालीय."
बसले. वरून मोठी उबदार दिसत होती जागा,
आणि खाली, माझ्या वजनाखाली,
काहीतरी किंचित दबत होतं.